बिनपत्तीचा चहा: भिलाईतलं सफरचंद, दालचिनी आणि थोडा इतिहास



या वेळची पोस्टिंग छत्तीसगडातली, दुर्ग-भिलाईची. एनसीसी युनिटवर पीआय स्टाफ म्हणून आलोय. सकाळी कॅडेटांची परेड, दुपारी रजिस्टर आणि रिटर्न, संध्याकाळ बऱ्यापैकी मोकळी. काश्मीर आणि लडाख करून आलेल्या माणसाला अशी पोस्टिंग म्हणजे अर्धी सुट्टीच. आपल्या या लेखांचा नियम तुम्हाला ठाऊक आहे. जिथे पोस्टिंग, तिथला एक तरी इतिहास शोधायचा. नगरचा किल्ला झाला, सोपोरची मंडी झाली. भिलाईत आल्यावर मला वाटलं होतं की पोलादावर लिहीन. लिहितोय मात्र चहावर, आणि तोही असा चहा ज्यात चहाची पत्तीच नाही. सफरचंदाच्या फोडी, दालचिनी, लवंग, आलं आणि पाणी, बस.

कारण सांगतो. माजी सैनिकांच्या कुठल्याही मेळाव्याला जा, ईसीएचएसच्या पॉलीक्लिनिकमधल्या बाकावर बसा, एकच बोलणं कानावर येतं. शुगर निघाली, डॉक्टर म्हणाले चहा कमी करा. ज्याने तीस वर्षं लंगरचा गोड चहा मगाने प्यायला, त्याला हे सांगणं सोपं आहे, पाळणं कठीण. कठीण यासाठी की चहा सुटला की नुसता चहा सुटत नाही, कट्टा सुटतो. चार जण टपरीवर उभे असतात, पाचवा म्हणतो "मला नको", आणि पाच-सहा दिवसांनी तो तिथे यायचाच थांबतो. युनिट सुटलेलं, वर्दी उतरलेली, त्यात हा कट्टाही गेला तर माणूस घरात एकटा पडतो. म्हणून हा विषय मला किरकोळ वाटत नाही.

चहा आपला कधीपासून?

आपल्याला वाटतं की दूध-साखरेचा चहा आपल्या आजोबा-पणजोबांपासून चालत आलाय. आजोबांपर्यंत ठीक आहे. पणजोबांचं मात्र सांगता येत नाही.

मसाले जुने आहेत. गार्सिया द ओर्ता नावाच्या पोर्तुगीज वैद्याचं औषधी वनस्पतींवरचं पुस्तक गोव्यात १५६३ मध्ये छापलं गेलं. त्यात दालचिनी, लवंग, वेलदोडे, आलं या सगळ्यांवर प्रकरणं आहेत. म्हणजे आजच्या आपल्या पेल्यातला मसाला साडेचारशे वर्षांपूर्वी आपल्याच किनाऱ्यावर छापील पुस्तकात आला होता. काढा म्हणून तो घराघरात त्याच्याही आधीपासून होता.

चहाची पत्ती आली ती व्यापाऱ्यांबरोबर. जॉन ओव्हिंग्टन हा इंग्रज पाद्री १६८९ मध्ये सुरतेला आला. त्याचं प्रवासवर्णन १६९६ मध्ये निघालं. त्यात तो सुरतेच्या चहाबद्दल लिहितो, आणि ते वाचताना गंमत वाटते. लोक चहा खडीसाखरेबरोबर किंवा मुरवलेल्या लिंबाबरोबर घेत, आणि डोकेदुखी किंवा पोटदुखीवर पाण्यात गरम मसाला उकळून घेत. दुधाचं नाव नाही. शिवछत्रपतींच्या निधनानंतर जेमतेम नऊ वर्षांनीचं हे सुरत. तेव्हाचा चहा आपल्या काढ्याचा भाऊ होता, बासुंदीचा नव्हे.

मग आसाम आलं. तिथल्या चहाचा पहिला लिलाव लंडनमध्ये जानेवारी १८३९ मध्ये झाला. पण तो माल साहेबासाठी होता. आपल्याकडे चहा पिणं हा साधा व्यवहार झालेला नव्हता, याचा मोठा पुरावा पुण्यातच आहे. ऑक्टोबर १८९० मध्ये गोपाळराव जोशी यांनी पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये काही प्रतिष्ठितांना व्याख्यानाच्या निमित्ताने बोलावलं. लोकमान्य टिळक आणि न्यायमूर्ती रानडेही त्यात होते. मिशनऱ्यांनी चहा-बिस्किटं पुढे ठेवली. नंतर पाहुण्यांची नावं वर्तमानपत्रात आली आणि पुण्यात केवढा गदारोळ झाला. ग्रामण्य बसलं, चौकशी झाली, प्रायश्चित्तापर्यंत गोष्ट गेली. भांडण चहाच्या चवीचं नव्हतं. तो कोणाच्या हातचा आणि कोणाच्या पंगतीला बसून घेतला, याचं होतं. मला या प्रकरणातून एक गोष्ट पक्की कळते. पेला कोणाबरोबर उचलता, हे पेल्यात काय आहे यापेक्षा नेहमीच मोठं असतं.

लंगरचा मग कुठून आला

विसाव्या शतकात मात्र चित्र पालटलं, आणि ते आपोआप पालटलं नाही. १९०३ मध्ये सरकारने चहावर उपकराचा कायदा केला. त्या पैशातून चहाचा प्रचार चालायचा. सुरुवातीला भर परदेशावर होता. १९३०च्या दशकात मंदीमुळे बाहेरची मागणी घटली, तेव्हा प्रचाराचा जोर हिंदुस्थानावर आला. रेल्वे स्टेशनांवर, गिरण्यांत, बाजारात किटल्या घेऊन माणसं उभी राहिली. चहा कसा करायचा हे पाट्या लावून शिकवलं गेलं. दुसऱ्या महायुद्धात चहाच्या मोटारी सैनिकांच्या छावण्यांपर्यंत गेल्या. त्याच दशकात आसाममध्ये सीटीसी यंत्र आलं. पानं चिरडून, फाडून, वळवून त्याची बारीक दाणेदार भुकटी होऊ लागली. पुढे हीच कडक आणि स्वस्त भुकटी देशभर पसरली. ती कडक म्हणून दूध जास्त, दूध जास्त म्हणून साखर जास्त.

म्हणजे आपल्या लंगरचा तो पिवळसर, दाट, ओठाला चिकटणारा चहा साधारण शंभर वर्षांच्या आतला आहे. त्याला नावं ठेवत नाही. पहाटेच्या स्टँड-टूनंतर त्या मगाने किती जणांना उभं ठेवलंय, हे आपल्याला ठाऊक आहे. एवढंच म्हणतो की जी सवय लावायला उपकर, पाट्या आणि मोटारी लागल्या, ती देवाने दिलेली नाही. लागलेली सवय थोडी वळवताही येते.

आणि मराठीने तर पत्तीची अट कधी घातलीच नाही. परसातल्या सुगंधी गवताला आपण गवती चहा म्हणतो. त्या पातीचा चहाच्या झुडपाशी काहीही संबंध नाही. तरी आजीने पावसात भिजून आलेल्या नातवाला आलं-गवती चहाचं पाणी दिलं, की तो चहाच झाला.

भिलाई, रशियन आणि काचेचा पेला

आता भिलाईकडे येतो. हा भाग आपल्याला परका वाटतो, पण नाही. नागपूरकर भोसल्यांच्या वतीने भास्करपंत कोल्हटकर १७४१ मध्ये छत्तीसगडात उतरले. पुढे बिंबाजी भोसले १७५८ पासून १७८७ पर्यंत रतनपूरला राहून कारभार पाहत होते. १८५४ मध्ये इंग्रजांनी नागपूरचं राज्य खालसा केलं, त्याबरोबर छत्तीसगडही त्यांच्याकडे गेलं. आजही दुर्गहून गाडीत बसलं की साधारण २६५ किलोमीटरवर नागपूर लागतं. भिलाईच्या सेक्टरांमधून फिरताना भंडारा-गोंदियाकडची मराठी कानावर पडते, त्यात नवल काही नाही.

२ फेब्रुवारी १९५५ रोजी दिल्लीत भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात पोलाद कारखान्याचा करार झाला. त्या दिवशी भिलाई ज्या मध्य प्रदेशात होती, त्याची राजधानी नागपूर होती. भोपाळ राजधानी झालं ते पुढच्या वर्षी, राज्य पुनर्रचनेनंतर. करार दहा लाख टन क्षमतेच्या कारखान्याचा होता, आणि कर्जाचं व्याज अडीच टक्के. सोव्हिएत बाजूचे मुख्य अभियंता व्हेनियामिन दिमशित्स पुढे त्यांच्या देशाचे उपपंतप्रधान झाले. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते पहिली धमन भट्टी सुरू झाली. कराराला चार वर्षं आणि दोन दिवस झाले होते. ज्याने कुठलंही बांधकाम वेळेत पूर्ण करण्याचा हुकूम कधी घेतलाय, त्याला या तारखांची किंमत कळेल. रशियन कुटुंबं जिथे राहत, त्या सेक्टर सातमधल्या भागाला अजून रशियन कॉम्प्लेक्स म्हणतात. १९७२ ला उभारलेलं मैत्रीबाग हे प्राणिसंग्रहालयही त्याच दोस्तीचं नाव घेऊन उभं आहे.

आमच्या शेजारी एक काका राहतात, रेल मिलमधून निवृत्त झालेले. मूळचे गोंदियाकडचे. त्यांना मी विचारलं, "काका, रशियन लोक चहा कसा घ्यायचे?" ते म्हणाले, "सुभेदारसाहेब, दूध नाही म्हणजे नाही. काचेच्या पेल्यात काळा चहा, वर लिंबाची चकती. आम्ही म्हणायचो, हा तर आजाऱ्याचा चहा. ते आमच्या चहाला म्हणायचे, ही तर खीर आहे." एवढं सांगून काका बराच वेळ हसत होते.

रशियनांचा चहा मुळात काय आहे, हे शोधलं तेव्हा आपलाच इतिहास पुन्हा भेटला. चहा त्यांच्याकडे सतराव्या शतकात आला. त्याच्या आधी ते स्बितेन नावाचं पेय प्यायचे. गरम पाणी, मध, आलं, दालचिनी, लवंग. थंडीत रस्त्यावर विकलं जायचं. आपला काढाच म्हणा ना. एकोणिसाव्या शतकात चहा आणि समोवार घरोघरी झाले, आणि स्बितेन मागे पडलं. समोवारासाठी प्रसिद्ध असलेलं त्यांचं गाव म्हणजे तुला. फौजींना हे नाव वेगळ्या कारणाने माहीत असेल, कारण पीटर राजाने १७१२ मध्ये शस्त्रांचा कारखाना तिथेच काढला. बंदुकीचं पोलाद आणि चहाचं पितळ एकाच गावात.

आणि सफरचंद? सोव्हिएत काळात कारखान्याच्या कँटीनमध्ये आणि सैन्याच्या मेसमध्ये जेवणाच्या शेवटी एक पेय ठरलेलं असे, कॉम्पोट. वाळवलेली फळं पाण्यात उकळायची, त्यात मुख्य माल सफरचंदाच्या चकत्यांचा. रशियन शिपायाला कॉम्पोट म्हणजे आपल्याला लंगरचा चहा. बिनपत्तीचा सफरचंदी पेला ही कुठल्या कॅफेची नवी फॅशन नाही. एका मोठ्या फौजेने तो रोजच्या जेवणाबरोबर वर्षानुवर्षं प्यायला आहे.

इथे आणखी एक धागा जोडायला हवा. कामगारांच्या वस्तीत काय प्यावं, हा प्रश्न साधा नसतो. भिलाईच्या भट्टीला लोहखनिज जातं ते दल्ली-राजहराच्या खाणींमधून. तिथे १९७७ मध्ये छत्तीसगड माइन्स श्रमिक संघ स्थापन झाला. शंकर गुहा नियोगी यांच्या नेतृत्वाखाली या संघाने मजुरीच्या लढ्याबरोबर दारू सोडण्याची मोहीम चालवली. वाढलेली मजुरी गुत्त्यात जाऊ नये, हा साधा हिशोब होता. १९८३ मध्ये त्याच कामगारांनी आपल्या वर्गणीतून आणि श्रमातून शहीद हॉस्पिटल उभं केलं. २८ सप्टेंबर १९९१ रोजी भिलाईतच नियोगींची गोळी घालून हत्या झाली. त्यांचं राजकारण कोणाला पटेल, कोणाला नाही. पण पाळी संपल्यावर माणूस कुठे बसतो आणि हातात काय धरतो, यावर त्याचं घर चालतं की बुडतं, हे त्या लोकांनी ओळखलं होतं. आपल्या गावातल्या निवृत्त फौजींना कँटीनच्या कोट्याबद्दल हेच लागू पडतं. जास्त बोलत नाही.

सफरचंद भिलाईपर्यंत कसं आलं

सफरचंदाचं मूळ गाव थेन शान पर्वतात, आजच्या कझाकस्तानात. रशियन वनस्पतिशास्त्रज्ञ निकोलाय वाव्हिलोव्ह १९२९ मध्ये अल्मा-अता शहराजवळच्या डोंगरांत गेले. तिथली रानटी सफरचंदांची जंगलं पाहून हेच या फळाचं माहेर असावं, असं त्यांनी मांडलं. अलीकडच्या जनुकीय अभ्यासांनी त्याला दुजोरा दिला. शहराच्या नावातलं अल्मा म्हणजेच सफरचंद. भिलाईचा करार झाला तेव्हा कझाकस्तान सोव्हिएत संघातच होता. पोलादाची भट्टी ज्या देशाने दिली, सफरचंदाचं माहेरही त्याच देशात होतं.

आपल्याकडे काश्मीरला सफरचंद जुनं. पण आज बाजारात दिसणारं लाल, गोड जातीचं फळ हिमाचलात रुजवलं ते सॅम्युअल स्टोक्स यांनी. फिलाडेल्फियाचा हा तरुण १९०४ मध्ये कुष्ठरुग्णांच्या सेवेसाठी भारतात आला आणि शिमल्यापलीकडे कोटगडला स्थायिक झाला. १९१६च्या सुमारास त्याने अमेरिकेहून रेड डेलिशसची रोपं आणून लावली. पुढे तो स्वातंत्र्याच्या चळवळीत तुरुंगात गेला आणि सत्यानंद झाला. रामपूर-किन्नौरच्या रस्त्याने ज्यांचा कॉन्व्हॉय गेलाय, त्यांनी त्या बागा पाहिल्या असतील.

काश्मीरच्या पोस्टिंगमध्ये मला कहवा भेटला. हिरवी पत्ती, दालचिनी, वेलची, केशर, वर बदामाचे काप, आणि तोही समोवारातला. तिथे हिवाळ्यासाठी भाज्यांबरोबर सफरचंदाच्या चकत्याही वाळवून ठेवतात. समोवार मी खोऱ्यात पाहिला होता, त्याचं माहेर भिलाईत बसून कळलं. पोस्टिंगचा हा फायदा असतो. एका गावात अर्धी गोष्ट मिळते, उरलेली दुसऱ्या गावात.

करायचा कसा

आता काकूंची कृती. शेजारच्या काकांची शुगर निघाल्यापासून त्यांच्या घरी हाच चहा होतो. चार पेल्यांचं प्रमाण देतो.

एक मध्यम सफरचंद घ्या. धुवून, साल ठेवून, बिया काढून पातळ फोडी करा. साल टाकू नका, रंग आणि वास सालीत असतो. पाच पेले पाणी गार असतानाच त्यात फोडी, बोटाच्या दोन पेरांएवढी दालचिनी, तीन लवंगा, दोन ठेचलेले वेलदोडे आणि चेचलेला आल्याचा तुकडा घाला. उकळी आली की आच मंद करून, झाकण ठेवून १५ मिनिटं राहू द्या. गवती चहाची तीन-चार पाती गाठ मारून शेवटच्या तीन मिनिटांत टाका, आधी टाकली तर वास उडून जातो. गॅस बंद करून पाच मिनिटं मुरू द्या, मग गाळा. लिंबू पेल्यात पिळा, पातेल्यात नाही.

मी पहिल्यांदा साखरेच्या डब्याकडे पाहिलं तेव्हा काकू म्हणाल्या, "साखर नका टाकू भाऊ. दोन दिवस फिक्का लागते, तिसऱ्या दिवशी सफरचंदाची गोडी कळते." तसंच झालं.

वाळवलेल्या चकत्या असतील तर मूठभर पुरतात, पण २५ मिनिटं उकळा. थंडीत दोन काळे मिरे वाढवा. मे महिन्यात भिलाईचा पारा चढतो, तेव्हा हाच चहा सकाळी करून माठाशेजारी गार करा आणि चिमूटभर काळं मीठ, लिंबू घालून प्या. उरलेल्या फोडी फेकू नका. मऊ झालेल्या असतात, दात नसलेल्यालाही खाता येतात.

तीन सूचना. एक, बाजारात दालचिनी म्हणून मिळते ती बहुतेक जाड सालीची कॅशिया असते. तिच्यात कुमारिन जास्त असतं आणि ते फार झालं तर यकृताला बरं नाही. रोज घेणार असाल तर तुकडा छोटा ठेवा, किंवा पातळ, कुरकुरीत पापुद्र्यांची सिलोनी दालचिनी घ्या. दोन, यात कॅफिन नाही, त्यामुळे रात्री घेतला तरी झोप जात नाही. मात्र वर्षांनुवर्षांचा चहा एकदम तोडला तर दोन-तीन दिवस डोकं दुखू शकतं, म्हणून एकेक पेला बदलत जा. तीन, हे औषध नाही. शुगरच्या आणि रक्तदाबाच्या गोळ्या चालू ठेवा. रक्त पातळ करण्याची गोळी चालू असेल तर रोज सुरू करण्याआधी डॉक्टरांना विचारा.

कोणाबरोबर

सगळ्यात महत्त्वाचं शेवटी. हा चहा घरात एकट्याने औषधासारखा पिऊ नका. थर्मासमध्ये भरा आणि कट्ट्यावर घेऊन जा. बाकीचे टपरीचा घेतील, तुम्ही तुमचा घ्या. पहिले चार दिवस चेष्टा होईल, पाचव्या दिवशी कोणीतरी पेला पुढे करेल. १८९० च्या पुण्यात चहा कोणाबरोबर घेतला यावरून माणसं तोडली गेली. भिलाईत काळा चहा घेणारे आणि दुधाचा चहा घेणारे एकाच भट्टीवर शेजारी उभे राहिले आणि लोखंड वेळेत वाहिलं. एकाच कट्ट्यावर दोन तऱ्हेचे पेले असायला हरकत नाही.

आपल्यातला जो कोणी चहा सोडल्यापासून दिसला नाही, त्याला आज फोन करा. म्हणा, "सर, या. तुमच्यासाठी बिनपत्तीचा ठेवलाय."

जय हिंद.